द्राक्ष विरळणीची कात्री: वापरणाऱ्याचा अनुभव कसा तपासावा

डिझाइनच्या अभ्यासक्रमात ‘वापरणाऱ्यांचा अभ्यास’ या नावाखाली बऱ्याचदा गूगल फॉर्म फिरवला जातो. लोक ‘सोयीस्कर’वर टिचकी मारून मोकळे होतात आणि वस्तूबद्दल काहीच हाती लागत नाही. नाशिकच्या विद्यार्थ्यांना याहून चांगली संधी दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागांत मिळते. ऑक्टोबर छाटणीनंतर, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, मण्यांची विरळणी, म्हणजे घडातले काही मणी कापून काढण्याचं काम, सुरू होते. एक छोटी कात्री दिवसभर त्याच हातात असते. वेलींच्या मांडवाखाली हात खांद्याच्या वर आणि मान मागे. वस्तू अंगाला कशी लागते हे शिकायला इतकं स्पष्ट उदाहरण वर्गात मिळणार नाही.

आधी प्रश्न लहान करा. ‘कात्री कशी वाटते?’ यातून अभ्यास उभा राहत नाही. ‘दुपारनंतर कात्री धरण्याची पद्धत बदलते का, आणि कशामुळे?’ यातून राहतो.

परवानगी तिघांची घ्यायची: बागायतदाराची, मुकादमाची आणि काम करणाऱ्या बाईची. मालक हो म्हणाला म्हणजे ती हो म्हणाली असं होत नाही. काम उक्त्यावर असेल तर बोलण्यात गेलेल्या वेळाचे पैसे बुडतात, म्हणून त्या वेळेची मजुरी आधीच ठरवून द्या. शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली हे विचारल्याशिवाय प्लॉटमध्ये शिरू नका. फवारणीनंतर आत शिरण्याआधी किती थांबायचं, याची औषधाच्या लेबलवर लिहिलेली मुदत उलटून गेलेली असली पाहिजे.

माणसं ६ ते ८ पुरतात. एवढ्या संख्येतून दोष सापडतात. टक्केवारी मात्र काढू नका. निवड करताना एक नवखी, एक जुनी जाणती, एक उंच, एक ठेंगणी आणि शोधून एक डावखुरी घ्या. उजव्या हाताची कात्री डाव्या हाताने दाबली की पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात, आणि कापायची जागा वरच्या पात्याआड जाते. डावखुऱ्या बाईचा वेग कमी दिसला तर त्यात कात्रीचा वाटा किती, हे आधी तपासा.

पहिल्या दिवशी काहीही विचारू नका. दोन तास नुसतं पाहा. कागदावर चार रकाने आखा: वेळ, हाताने काय केलं, कात्रीचं काय झालं, काम का थांबलं. दहा मिनिटं नोंद आणि पाच मिनिटं विश्रांती असा क्रम ठेवा, नाहीतर डोळा सरावतो आणि छोट्या हालचाली दिसेनाशा होतात. व्हिडिओ बाजूने घ्या. मनगट, कोपर आणि खांदा एका चौकटीत असावेत, चेहरा नको. मोबाइल समोर धरला की माणूस परीक्षा असल्यासारखा भरभर काम करतो आणि ती नोंद वाया जाते. मांडवाखालून वर रोखलेला कॅमेरा आकाशाचा उजेड मोजतो, म्हणून हात काळा येतो. पडद्यावर हातावर बोट दाबून उजेड तिथेच पक्का करा.

मग कात्री नीट पाहा. अंगठ्याच्या कडीला चिंधी गुंडाळली आहे? मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे? हातातून पडू नये म्हणून सुतळी बांधली आहे? वापरणाऱ्याने स्वतः केलेले हे बदल कुठल्याही मुलाखतीपेक्षा जास्त सांगतात. चिंधी फक्त कडीच्या आतल्या बाजूला असेल तर कड रुतत असावी. पूर्ण मुठीवर असेल तर मूठ बारीक किंवा घसरडी असण्याची शक्यता जास्त. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, गुंडाळीची जाडी मोजा.

दुसऱ्या दिवशी बोला, तेही कात्री हातात असताना. ‘मावशी, त्रास होतो का?’ असं विचारलं तर ‘नाही बाळा, चांगली आहे की’ हेच उत्तर येईल. पाहुण्याला असंच सांगायची आपली रीत आहे, आणि मालक शेजारी उभा असेल तर विचारायलाच नको. त्यापेक्षा पाहिलेल्या क्षणावर बोट ठेवा: ‘मगाशी कात्री खाली ठेवून बोटं चोळलीत, तेव्हा काय होत होतं?’ उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. टोचणं कडेमुळे असू शकतं, हात भरून येणं स्नायू थकल्याचं लक्षण, आणि मुंग्या येत असतील तर नस दबत असल्याची शंका घ्यावी. या तिन्हींना ‘अस्वस्थता’ असं एकच नाव दिलं की सुधारायचं काय तेच हरवतं. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या अनेकांची घरची बोली कोकणा असते, तेव्हा ती बोली समजणारं कुणीतरी सोबत घ्या.

थकवा मोजायला ० ते १० ची पट्टी वापरतात. कागदाऐवजी खाली पडलेले १० मणी पुढे ठेवा आणि ‘किती दुखतंय, तेवढे उचला’ म्हणा. दर अर्ध्या तासाने विचारा. संध्याकाळी एकदाच विचारून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये लोकांना एकदा १४ अंश सेल्सिअस पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्यांदा तेवढंच करून पुढे ३० सेकंद हात पाण्यातच ठेवायला सांगितला आणि त्या वेळात पाणी १५ अंशांपर्यंत आणलं. पुन्हा करायला बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळाचा प्रकार निवडला. आठवणीत कळस आणि शेवट उरतो, मधला वेळ पुसट होतो.

कात्रीचा नवा नमुना तपासायचा असेल तर निम्म्या जणींना आधी जुनी कात्री द्या, निम्म्यांना आधी नवी. वाण एकच, ओळ शेजारची, प्रत्येकी ३० मिनिटं आणि मध्ये पूर्ण विश्रांती. झालेले घड मोजा, तसंच टोक लागून जखमी झालेले मणीही. नव्या कात्रीने पहिल्या दिवशी वेग पडतो, तो बराचसा सवयीचा भाग असतो. ती ३-४ दिवस त्यांच्याकडेच राहू द्या, मग पुन्हा मोजा. नमुना ज्याने बनवला त्याने चाचणी घेऊ नये. त्याच्या तोंडावर कुणी वाईट म्हणत नाही.

नोंदी त्याच रात्री उतरवा. पाहिलेलं, ऐकलेलं आणि तुम्हाला वाटलेलं, तिन्हींसाठी वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या घ्या. ‘वाटलेलं’च्या चिठ्ठ्या जास्त झाल्या तर पुन्हा बागेत जावं लागेल.

शिक्षकांनी बागेत जाण्याआधी प्रत्येकाकडून आठवणीने एक चित्र काढून घ्यावं: कात्री धरलेला हात. परतल्यावर तेच चित्र पुन्हा. घड सांभाळणारा दुसरा हात, मनगटाचा कोन आणि मान पहिल्या चित्रात होती का, हे शेजारी ठेवून पाहावं. सादरीकरण कितीही देखणं असलं तरी कच्ची नोंदवही पाहिल्याशिवाय गुण देऊ नयेत.

निष्कर्ष बागेत जाऊन वाचून दाखवा आणि चुकलेलं त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या. हे विरळणी संपण्याआधी करा, कारण मजुरांची टोळी एकदा दुसऱ्या गावच्या बागेत गेली की तीच माणसं पुन्हा भेटणं अवघड.