हरणाऱ्या संघात तरुणांना खेळवताय? या चुका टाळा

डिसेंबर संपत आलाय, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या एका संघाच्या खात्यात आठ विजय आणि चोवीस पराभव आहेत, आणि चौतिशीतला फॉरवर्ड अजूनही रोज तीस मिनिटं खेळतोय. बेंचवर एकोणीस वर्षांचा पोरगा ट्रॅकसूट न काढता बसून आहे. अशा वेळी चाहते चिडतात ते मला शंभर टक्के पटतं. हंगाम हातचा गेलेला आहे. पुढची चार वर्षं ज्याच्यावर भिस्त ठेवायची, त्याला आत्ता नाही खेळवायचं तर कधी? एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, कोर्टवर पाच जण, म्हणजे एका रात्री वाटायला २४० मिनिटं. ती कुणाला तरी दिली की दुसऱ्या कुणाची तरी कमी होतात.

पण ‘पोरांना खेळवा’ एवढ्यावर भागत नाही. मिनिटं कुणाच्या जोडीला दिली, सामन्याच्या कुठल्या टप्प्यावर दिली आणि त्यात काय करायला सांगितलं, यावर पोरगा घडतो की बिघडतो ते ठरतं. तरुणांवर सगळा डाव लावूनही वर्षानुवर्षं जिथल्या तिथे राहिलेले संघ आहेत. त्यांच्या चुका बहुतेक त्याच त्या असतात.

पाचही पोरं एकदम उतरवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही, आणि ती चांगल्या हेतूने होते.

एकच चाल जवळून पाहा. चेंडू आणणारा वीस वर्षांचा गार्ड स्क्रीनचा (बचावपटूची वाट अडवून उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याचा) आधार घेऊन फ्री-थ्रो लाइनपर्यंत येतो. प्रतिस्पर्धी सेंटर मागे सरकून रिंगखाली थांबलाय. स्क्रीन लावणारा रिंगकडे धाव घेतो आणि त्याला अडवायला दूरच्या कोपऱ्यातला बचावपटू आत सरकू पाहतो. त्या कोपऱ्यात थ्री (तीन गुणांचा लांबचा शॉट) हमखास टाकणारा तिशीतला शूटर उभा असेल, तर बचावपटू आत यायला कचरतो, निदान अर्धा क्षण उशीर करतो. तेवढ्यात गार्डला पासची वाट दिसते. तिथे नेम न बसलेला दुसरा पोरगा असेल, तर बचावपटू बेधडक आत येतो. पुष्कळदा तो पोरगा कोपऱ्यात नसतोच, दोन पावलं वर येऊन चेंडू मागत असतो. गार्ड तिघांच्या गर्दीत शिरतो, चेंडू हातचा जातो आणि टर्नओव्हर त्याच्या नावावर लागतो. दुसऱ्या दिवशी फिल्म दाखवताना त्याला ऐकवलं जातं की तुझा निर्णय चुकला. बरोबर ठरेल असा निर्णय घ्यायला त्याच्यासमोर वाटच नव्हती, हे कुणी सांगत नाही. अशा तीनशे चाली खेळून तो काय शिकेल? घाई करायला शिकेल.

फिलाडेल्फियाने २०१५-१६ मध्ये हे टोकाला नेलं. नर्लेन्स नोएल आणि जलील ओकाफोर हे दोघेही रिंगजवळ वावरणारे उंच खेळाडू, दोघेही तरुण, दोघांना बरोबर खेळवलं जात होतं. आणि त्यांना नीट चेंडू पोहोचवेल असा पॉइंट गार्ड संघात नव्हता. पहिल्या ३१ सामन्यांत एक विजय मिळाला. डिसेंबरच्या अखेरीस इश स्मिथला आणलं. तो काही मोठा तारा नव्हता, बऱ्याच संघांतून फिरलेला साधा गार्ड होता. तो उतरला त्या पहिल्याच सामन्यात फिनिक्सला हरवलं. जानेवारीत छत्तिशीतला एल्टन ब्रँडही ड्रेसिंग रूममध्ये आला. हंगाम १० विजय आणि ७२ पराभवांवरच संपला, कारण तोवर उशीर झाला होता. तरी जाणता गार्ड आल्यावर उंच पोरांना चेंडू योग्य जागी मिळू लागला, हे खेळ पाहणाऱ्याला कळत होतं.

सॅन अँटोनियोने २०२३-२४ मध्ये व्हिक्टर वेम्बन्यामाच्या पहिल्याच हंगामात जेरेमी सोहान या फॉरवर्डला पॉइंट गार्ड करून पाहिलं. प्रयोग करून पाहायला हरकत नव्हती, पण रिंगवर हात उंचावून उभ्या असलेल्या वेम्बन्यामाला पास मिळत नव्हते. जानेवारीत ट्रे जोन्स सुरुवातीच्या पाचांत आला आणि चित्र सुधारलं. पुढच्या हंगामात संघाने ख्रिस पॉलला घेतलं. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला आणि संघाचे विजय २२ वरून ३४ वर गेले. त्याने कुणा पोराची वाट अडवली असं मला मुळीच वाटत नाही.

उपाय साधा आहे. कोर्टवर एका वेळी तीन तरुण आणि दोन जाणते ठेवा. जाणत्यांपैकी एक चेंडू सांभाळून चाल बसवणारा हवा, दुसरा नेमबाज किंवा मागून ओरडून बचाव जागेवर आणणारा. हे दोघे नावाजलेले असण्याची गरज नाही.

उरलीसुरली मिनिटं देणं

काही कोच तोंडी मान्य करतात आणि पोराला चौथ्या क्वार्टरच्या शेवटी, संघ पंचवीस गुणांनी मागे असताना उतरवतात. कागदावर दहा मिनिटं दिसतात. त्या वेळी प्रतिस्पर्ध्यांचे मुख्य खेळाडू टॉवेल गुंडाळून बसलेले असतात, बचाव ढिला असतो, स्काउटिंगनुसार (समोरच्या संघाच्या अभ्यासानुसार) कुणी खेळत नसतं. तिथले १४ गुण तुम्हाला काहीच सांगत नाहीत. मार्च-एप्रिलच्या अखेरच्या सामन्यांचंही बरंचसं असंच असतं, म्हणून एप्रिलमधल्या दोन झकास रात्रींवर कुणाबद्दल मत बनवू नका.

पहिल्या आणि दुसऱ्या क्वार्टरमधली ठरलेली सहा-सहा मिनिटं द्या, समोर प्रतिस्पर्ध्यांचे तगडे पाच असताना. आणि आठवड्यातून निदान एकदा सामना अटीतटीचा असेल तेव्हा त्याला कोर्टवर राहू द्या. एनबीए ज्याला निर्णायक वेळ म्हणते, ती म्हणजे शेवटची पाच मिनिटं आणि पाच गुणांच्या आतला फरक. तिथे तो सामना घालवेल. घालवू द्या. चोवीसच्या जागी पंचवीस पराभव होतील, पण तो दबावात कोणत्या हाताने ड्रिबल करतो, चेंडू मागतो की लपतो, हे त्याच पाच मिनिटांत कळतं.

पहिल्या चुकीला बाहेर काढणं

चुकीचा पास गेला की पोरगा आधी बेंचकडे बघतो, ही खूण ओळखून ठेवा. तो खेळ सोडून कोचचा चेहरा वाचायला लागलाय.

लेकर्सचा २०१५-१६ चा हंगाम कोबी ब्रायंटच्या निरोपाचा होता. कोबीला मिनिटं देण्यात काही गैर नव्हतं, लोक त्याच्यासाठीच येत होते. पण डिसेंबरमध्ये कोच बायरन स्कॉट यांनी डी’अँजेलो रसेल आणि ज्युलियस रँडल या दोघांना सुरुवातीच्या पाचांतून काढून बेंचवर आणलं. रसेल त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) दुसरा, रँडल आदल्या वर्षीचा सातवा, आणि तोही पहिल्याच सामन्यात पाय मोडून अख्खा हंगाम गमावलेला. चौथ्या क्वार्टरमध्ये रसेल बसलेला दिसणं नेहमीचं झालं. एवढं करून संघ १७-६५ (१७ विजय, ६५ पराभव) वर संपला. शिस्तीसाठी इतकी किंमत मोजावी असं त्या हंगामात जिंकण्यासारखं काही नव्हतं.

बदलीचं वेळापत्रक सामन्याआधीच सांगा: ‘तू पहिल्या क्वार्टरच्या सहाव्या मिनिटाला येणार, दुसऱ्याच्या सहाव्याला बाहेर, मधे काहीही झालं तरी.’ पोराच्या खांद्यावरचं अर्धं ओझं तिथेच उतरतं. बाहेर काढायचं ते फक्त धावून परत न येणं, ठरलेला बचाव मुद्दाम सोडणं अशा गोष्टींसाठी. शॉट हुकला, पास कापला गेला, यासाठी कधीच नाही.

सगळंच माफ करणं

वरचं वाचून उलट्या टोकाला जाणारेही आहेत. ह्यूस्टनने संघाचा तारा जेम्स हार्डन गेल्यावर तरुणांना मोकळं रान दिलं. २०२०-२१ पासून तीन हंगामांत विजय १७, २० आणि २२. जेलन ग्रीन, अल्पेरेन शेंगून, जबारी स्मिथ ज्युनियर अशी गुणी पोरं होती. मिनिटांना तोटा नव्हता, पण बचावात चुकीला जाब विचारणारं कोर्टवर कुणी नव्हतं. २०२३ मध्ये कोच म्हणून इमे उदोका आले, सोबत फ्रेड व्हॅनव्हीट आणि डिलन ब्रूक्स. पोरं बहुतांश तीच राहिली. पहिल्या वर्षी ४१-४१, दुसऱ्या वर्षी ५२-३०.

डेट्रॉइटचंही तसंच. २०२३-२४ मध्ये सलग २८ पराभव आणि १४-६८ असा शेवट. नंतर नवे कोच जे. बी. बिकरस्टाफ आले. टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे मुरलेले खेळाडू आले आणि केड कनिंगहॅमच्या भोवती जागा मोकळी झाली. पुढचा हंगाम ४४-३८. कनिंगहॅमच्या हातातला चेंडू यांपैकी कुणी काढून घेतला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अनुभवी खेळाडू निवडताना हेच बघावं: तो पोराच्या बाजूला उभा राहून खेळू शकतो, की त्याला स्वतःच्या हातात चेंडू लागतो?

अनुभवी खेळाडूला वाऱ्यावर सोडणं

ज्याची मिनिटं कमी करायची त्याला ते सामन्याच्या दिवशी कागदावर बघून कळलं, तर ड्रेसिंग रूम तिथेच फाटते. पोरं सगळं पाहत असतात. दहा वर्षं घाम गाळलेल्या माणसाला क्लब कसं वागवतो, यावरून ती स्वतःचं भविष्य वाचतात.

ओक्लाहोमा सिटी थंडरने २०२१ च्या मार्चमध्ये अल हॉरफर्डशी बोलून त्याला २८ सामन्यांनंतर थांबवलं. तोवर तो पोरांबरोबर मनापासून खेळला होता. उन्हाळ्यात त्याची बॉस्टनला पाठवणी झाली आणि २०२४ मध्ये तिथे तो विजेता ठरला. इकडे थंडरने २०२१ च्याच डिसेंबरमध्ये मेम्फिसकडून ७३ गुणांनी मार खाल्ला, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा फरक. आणि २०२४-२५ मध्ये ६८ विजयांसह तेही विजेते झाले. ह्यूस्टनने मात्र २०२१-२२ चा अख्खा हंगाम जॉन वॉलला, तंदुरुस्त असताना, बसवून ठेवलं. करार मोठा होता, घेणारा मिळाला नाही. नव्या गार्डांच्या शेजारी असा माणूस आठवड्याला पंधरा मिनिटं तरी खेळता तर त्यांचंच भलं होतं, असं माझं ठाम मत आहे.

समोरासमोर बसून तीनच गोष्टी सांगा: किती मिनिटं, कधीपासून आणि का. फेब्रुवारीच्या ट्रेड मुदतीआधी (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) त्याला दुसरीकडे जायचंय का, तेही विचारा. सौदा जमला नाही आणि करार मोडून सोडायचं ठरलं, तर १ मार्चच्या आत सोडा. त्यानंतर सोडलेला खेळाडू नव्या संघाकडून प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) खेळू शकत नाही.

लॉटरीसाठी पोरांची ढाल करणं

ड्राफ्टमधले पहिले क्रमांक हरलेल्या संघांत सोडतीने वाटतात, तीच लॉटरी. २०१९ मध्ये आलेल्या नियमात तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पिकची (निवडीची) सारखीच १४ टक्के संधी आणि सर्वांत वाईट संघही पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो. २०२४-२५ मध्ये यूटा १७-६५ अशा सर्वांत वाईट नोंदीवर संपलं आणि पाचवाच क्रमांक मिळाला. मध्यंतरी लॉरी मार्कानेनला न खेळवल्याबद्दल एक लाख डॉलर दंडही झाला. हरण्याच्या हिशेबाने बनवलेली पाचची जुळणी पोरांना लगेच ओळखू येते.

तरीही सुधारणा दिसत नसेल तर

पंधरा सामने झाल्यावर फिल्म घेऊन बसा आणि आधी जोडीदार तपासा, मग भूमिका, मग पाय. खेळाडूची कुवत शेवटी.

टर्नओव्हर एका ठरावीक पाचच्या जुळणीतच होत असतील तर जुळणी बदला, पोराला हात लावू नका. चेंडू हातात असताना तो अडखळतो पण चेंडूशिवाय बरं खेळतो, असं दिसलं तर पॉइंट गार्डचं काम काढून घ्या आणि दुसऱ्या गार्डच्या जागी पंधरा मिनिटं द्या. चेंडू हाताळण्याचा सराव त्याला जी लीगमध्ये (एनबीएच्या धाकट्या लीगमध्ये) करू दे. तिकडे पाठवणं ही शिक्षा नाही, हे त्याला तोंडावर सांगा. फेब्रुवारीत त्याचे शॉट रिंगच्या पुढच्या कडेला लागून पडायला लागले, तर पाय थकलेत. कॉलेजात तीस-पस्तीस सामने खेळलेला मुलगा तोवर पन्नास खेळून झालेला असतो. अशा वेळी मिनिटं २८ वरून २२ वर आणा, पण भूमिका तीच ठेवा. वेम्बन्यामालाही पहिल्या हंगामात सरासरी तीस मिनिटांच्या आतच ठेवलं होतं.

हे सगळं करूनही दोन हंगामांत काही हलत नसेल, तर प्रश्न क्लबच्या टेबलावर जातो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि तो वाढवायचा की नाही हे चौथा हंगाम सुरू होण्याआधी ठरवावं लागतं. म्हणजे त्याला पारखायला हातात खरे तीनच हंगाम असतात. त्यातला एक त्याला ट्रॅकसूटमध्ये बसवून घालवला असेल, तर त्या ऑक्टोबरमध्ये तुम्ही कोट्यवधी डॉलरचा निर्णय अंदाजाने घेत असता.