स्पेसर आणि लांब स्टड: चाक उघडण्याआधीची तयारी

एका बाजूचं चाक मडगार्डच्या कडेपर्यंत आलेलं आणि दुसरं आत दबलेलं दिसलं, तरी स्पेसर, म्हणजे चाकाच्या मागे बसवायची धातूची चकती, मागवू नका. आधी ओळंबा हाती घ्या. गाडी सपाट जमिनीवर आणा, टायरमधली हवा दोन्ही बाजूंना सारखी करा, स्टीअरिंग सरळ ठेवा आणि गाडी दोन-चार फूट पुढे-मागे ढकला, म्हणजे जॅकवरून उतरल्यावर आखडलेलं सस्पेन्शन मोकळं होतं. मडगार्डच्या कडेवरून चाकाच्या मध्यावर ओळंबा सोडा, हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) उंचीवर रिमला आडवी पट्टी टेकवा आणि दोरी ते पट्टी हे अंतर चारही चाकांना लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात 2-3 मिमी फरक निघाला तर काहीही करू नका, पत्र्याच्या जोडणीतच तेवढं इकडेतिकडे असतं.

फरक त्याहून मोठा असेल तर तो कुठून आला हे शोधणं या सगळ्या कामातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे. त्याच अ‍ॅक्सलवरची डावी-उजवी चाकं आपसात बदला. फरक चाकाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर दोष चाकात आहे, रिमच्या आतल्या बाजूला कोरलेला ईटी आकडा (चाकाची टेकणारी पाठ रिमच्या मध्यापासून किती मिमीवर आहे ते सांगणारा) दोन्हींवर ताडून पाहा. फरक जागचा हलला नाही तर आता पत्रा सोडून चासीच्या एखाद्या ठरावीक बिंदूपासून डिस्कपर्यंत दोन्हीकडे मोजा. ही मापं सारखी आली तर चाकं जागेवर आहेत, पत्राच सरकलाय. मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला चासीशी आडवा जोडणारा दांडा) असेल आणि गाडीची उंची बदललेली असेल, तर अ‍ॅक्सल बाजूला सरकणारच, कारण रॉडचं टोक कमानीत फिरतं. तिथे उपाय म्हणजे लांबी जुळवता येणारा रॉड. पुढे सबफ्रेम (सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) सरकलेली किंवा सस्पेन्शनचा आर्म वाकलेला असेल तर आधी ते दुरुस्त करा, कारण स्पेसरने ती खोट फक्त झाकली जाते.

पुढच्या अ‍ॅक्सलवर डावीकडे एक आणि उजवीकडे दुसऱ्या जाडीचा स्पेसर लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. स्टीअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे मिळतो तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे वेगळं झालं की ब्रेक दाबताना गाडी एका बाजूला ओढते. मागे मात्र कारण तपासून झाल्यावर उरलेले चार-पाच मिमी एका बाजूच्या स्पेसरने भरून काढायला हरकत नाही.

आता मापं. 5 मिमी स्पेसरने ईटी 45 चं चाक ईटी 40 सारखं बसतं. टायर तेवढा बाहेर येणार, म्हणून पूर्ण भार टाकून आणि स्टीअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून जागा उरते का ते आधीच पाहा. मग नटचे आटे मोजा: नट हाताने पकडल्यापासून चाकाला टेकेपर्यंत किती फेरे फिरतो? नटच्या आट्यांत गुंतलेली लांबी निदान स्टडच्या (हबमधून बाहेर आलेल्या, नट बसतो त्या बोल्टच्या) व्यासाएवढी हवी, म्हणजे 12×1.5 च्या (12 मिमी व्यास आणि 1.5 मिमी पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) स्टडला 12 मिमी, अर्थात 8 फेरे. आत्ता 9 फेरे मिळत असतील तर 3 मिमीच्या स्पेसरने 2 फेरे जातात आणि 7 उरतात. एवढा पातळ स्पेसरही मूळ स्टडवर चालत नाही तो यामुळे. उघड्या तोंडाच्या नटमधून स्टड बाहेर डोकावत असेल तर स्पेसर आधी तेवढी जास्तीची लांबी वापरतो.

लांब स्टड निवडताना व्यास आणि पिच जुळले म्हणजे झालं असं नाही. डोक्याजवळच्या दातेरी भागाचा व्यास आणि लांबी जुना स्टड काढून व्हर्नियरने मोजा. तो बारीक असेल तर नट आवळताना स्टड हबमध्ये गरगर फिरतो, जाड असेल तर हबला तडा जाऊ शकतो. बंद तोंडाच्या नटमध्ये लांब स्टड आतून टोपीला टेकतो, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला इशारा देणारा पाना) खटका देतो आणि चाक मात्र सैलच राहतं. म्हणून नट उघड्या तोंडाचे घ्या किंवा टोपीची खोली मोजा. नटची बैठक रिमप्रमाणे शंकूची, गोलाईची की सपाट, हेही पाहा.

स्पेसरच्या मधल्या भोकाचं माप हबच्या ओठाला (मध्यावर पुढे आलेल्या गोल कडेला) नेमकं बसायला हवं. पातळ स्पेसरमधून हबचा ओठ बाहेर येऊन चाक मध्यावर धरतो. जाड स्पेसर तो ओठ गिळतो, तेव्हा स्वतःचा ओठ असलेलाच घ्या, नाहीतर स्टीअरिंग थरथरतं. एकावर एक दोन स्पेसर कधीही रचू नका. स्वतःचे स्टड असलेला स्पेसर साधारण 20 मिमीपासून पुढे ठीक. त्याहून पातळ असेल तर मूळ स्टडची टोकं त्यातून बाहेर येतात, आणि त्यांच्यासाठी चाकाच्या पाठीवर खोलगट जागा लागते.

हब, डिस्क आणि रिमची पाठ तारेच्या ब्रशने गंज जाईपर्यंत घासा, डिस्क धरणाऱ्या पातळ क्लिपा काढा, स्क्रूची डोकी वर आलेली नाहीत याची खात्री करा. जुने स्टड हबमागे निघायला जागा नसेल तर हब उतरवावा लागेल, ही वेळ आधीच धरा. नवे स्टड प्रेसने बसवणं उत्तम. नट आवळून ओढायचे असतील तर जाड वॉशरांची चळत आणि वेगळा जुना नट वापरा, एअर गन नको. डोकं हबला पूर्ण टेकल्याशिवाय थांबू नका, कारण उरलेली फट पुढे रस्त्यावर मिटते आणि नट सैल होतो.

आट्यांना ग्रीस लावू नका. दिलेला टॉर्क कोरड्या आट्यांसाठी असतो आणि ग्रीसवर तोच आकडा स्टडला जास्त ताणतो. नट चांदणीच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळा आणि 80-100 किमीनंतर, चाकं थंड असताना, पुन्हा तपासा. स्वतःचे स्टड असलेल्या स्पेसरचे आतले नटही त्याच वेळी, चाक उतरवून, तपासायचे.