भस्म पाण्यावर तरंगलं म्हणून निर्धास्त होऊ नका

आयुर्वेदिक औषधातलं भस्म म्हणजे धातू किंवा खनिज भाजून केलेली बारीक पूड. ते चिमूटभर पाण्यावर टाकलं आणि तरंगलं तर ते वारितर. अंगठा आणि तर्जनीत चोळल्यावर बोटांच्या रेषांत भरलं तर रेखापूर्ण. ताम्रभस्म (तांब्याचं भस्म) दह्यावर टाकून हिरवट-निळसर रंग येत नाही ना, हेही पाहतात. या परीक्षा खऱ्या आहेत, पण त्या भस्म नीट तयार झालंय का एवढंच सांगतात. त्यात शिसं किंवा आर्सेनिक किती आहे, ते प्रयोगशाळेतच कळतं.

म्हणून पुडीतलं, बिनलेबलाचं औषध घेऊच नका, देणारा कितीही ओळखीचा असो. डबीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत पाहा. पारा, हरताळ, बचनाग असे विषारी घटक असतील तर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना कायद्याने छापावी लागते. कंपनीकडून त्याच बॅचचा जड धातूंचा अहवाल मागा; निव्वळ वनस्पतीजन्य औषधात शिशाची मर्यादा 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग), आर्सेनिकची 3, पाऱ्याची 1 आणि कॅडमियमची 0.3 आहे. रसौषधींत धातू मुद्दाम घातलेला असतो, तिथे हे आकडे लावू नका. वैद्यांनी सांगितलेली मात्रा आणि मुदत काटेकोर पाळा.

औषध सुरू असताना पोटात मुरडा, बद्धकोष्ठता, अशक्तपणा किंवा हिमोग्लोबिन घटलेलं दिसलं तर डॉक्टरांना डबीसकट भेटा आणि रक्तातलं शिसं तपासायचं का, हे स्पष्ट विचारा. नेहमीच्या रक्ततपासणीत ते मोजत नाहीत. गरोदर बाई आणि लहान मुलांच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही पाहू नका.