गुप्तांगावर पुळी, चट्टा किंवा व्रण दिसल्यास काय पाहावे, काय टाळावे

जननेंद्रियावर काही उठले की पहिली शंका लैंगिक संसर्गाची येते आणि पाठोपाठ जोडीदारावर संशय. तपासणीपूर्वी आरोप करू नये आणि मलमही लावू नये. चांगल्या उजेडात, लागल्यास आरसा घेऊन जागा नीट पाहावी, फोटो काढून ठेवावा आणि हे केव्हापासून आहे, वाढते आहे का, पूर्वी याच जागी येऊन गेले होते का, हे लिहून ठेवावे.

शिश्नमुंडाच्या कडेने ओळीत बसलेले, एकसारखे, एक-दोन मिलिमीटरचे दाणे वर्षानुवर्षे तसेच राहत असतील, तर ती बहुधा शरीराची नैसर्गिक ठेवण असते. संसर्गाचे मोस (चामखिळीसारख्या वाढी) सहसा खरखरीत, वेडेवाकडे असतात आणि वाढत जातात. स्त्रियांच्या योनिमुखाशीही दोन्ही बाजूंना सारखे, मऊ उंचवटे असू शकतात. त्यांतील प्रत्येकाचे बूड वेगळे असते, तर मोसाचे फाटे एकाच बुडातून निघतात. व्हिनेगर लावून घरी परीक्षा करू नये, कारण निरुपद्रवी उंचवटेही त्याने पांढरे पडू शकतात.

सर्वाधिक फसवणारा प्रकार औषधाच्या ॲलर्जीचा आहे. ठरावीक गोळी घेतल्यावर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, त्याच जागी गोल, लालसर-जांभळा चट्टा उठतो, कधी फोड येऊन कातडी सोलते आणि मागे काळपट डाग राहतो. पुन्हापुन्हा येत असल्याने तो हर्पीस (विषाणूमुळे होणारा, फोड आणणारा संसर्ग) समजला जातो, पण हर्पीसमध्ये सहसा आधी झिणझिण्या येऊन बारीक फोडांचा पुंजका उठतो. कोट्रायमोक्झॅझोल व डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविके, फ्लुकोनाझोल हे बुरशीनाशक आणि काही वेदनाशामके यांमुळे असे होऊ शकते; म्हणजे संसर्ग समजून घेतलेले औषधच कारण असू शकते. म्हणून चट्टा उठण्याआधीच्या दोन दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी, अगदी डोकेदुखीचीसुद्धा, डॉक्टरांना सांगावी.

ताप किंवा घसादुखीनंतर, कधीही शरीरसंबंध न आलेल्या मुलीच्या योनिओठांवर अचानक खोल, अतिशय दुखरे व्रण येऊ शकतात. लिपशुट्झ व्रण म्हणून ओळखला जाणारा हा दुर्मीळ आजार बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. आईवडिलांनी मुलीची उलटतपासणी घेऊ नये. वेदना शमवाव्यात आणि लवकर डॉक्टरांकडे न्यावे, कारण व्रणाची इतर कारणे तपासावीच लागतात. लघवी अडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मोठ्या वयाच्या, सुंता न झालेल्या पुरुषांतील चकचकीत तांबूस चट्टा झून बॅलनायटिसचा, म्हणजे शिश्नमुंडाच्या एका प्रकारच्या दाहाचा असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञ झून यांनी 1952 मध्ये वर्णन केलेला हा विकार निरुपद्रवी आहे, मात्र सुरुवातीचा कर्करोगही तसाच दिसतो, त्यामुळे बायोप्सीला (कातडीचा लहान तुकडा काढून केलेल्या तपासणीला) नकार देऊ नये. कातडी पांढरी, पातळ होऊन खाज सुटणाऱ्या लायकेन स्क्लेरोससमध्ये कर्करोगाचा थोडा धोका असल्याने नियमित तपासणी चालू ठेवावी.

स्टेरॉइड आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे किंवा मोस जाळणारी द्रावणे स्वतःहून लावू नयेत. त्यांनी मूळ रूप बदलते आणि निदान लांबते. त्वचारोगतज्ज्ञांकडे फोड ताजा असतानाच जावे, कारण स्वॅबची (फोडावरून बोळ्याने घेतलेल्या नमुन्याची) जंतू ओळखणारी पीसीआर तपासणी तेव्हाच जास्त विश्वासार्ह ठरते. सिफिलिस या लैंगिक संसर्गाची रक्ततपासणी सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी, आणि निदान होईपर्यंत शरीरसंबंध टाळावेत.