व्यसनमुक्ती केंद्र: पैसे भरण्याआधी

रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास आणि बडबड. हे जिवावर बेततं. म्हणून आधी सिव्हिल हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग गाठा, खर्चही कमी येतो.

अनुदानित केंद्रांसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. खासगी केंद्राला नोंदणीचा कागद मागा. औषधं, रक्ततपासणी फीमध्ये धरलीत का, हे लेखी घ्या. बिल फुगतं ते इथेच. 'गाडी पाठवून उचलून आणतो' म्हणणाऱ्यांना सरळ नाही सांगा.

मेडिक्लेमवर विसंबू नका. पॉलिसीत 'एक्सक्ल १२' (Excl12) हे वगळणुकीचं कलम शोधा. तिथे व्यसनाचे उपचार बहुधा वगळलेले असतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभांना मात्र फी नाही.