टेंडर दरात नाही, कागदात पडतं: या चुका टाळा

सिंहस्थ 2027 ची कामं निघू लागल्यापासून नाशिकमध्ये जो तो टेंडर भरायला निघालाय. सीबीएसजवळच्या, टेंडर भरून देणाऱ्या आमच्या ऑफिसात त्यामुळे एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "दर आमचाच कमी होता, तरी बाद केलं!" दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत, म्हणजे एकात कागदपत्रं आणि दुसऱ्यात दर, पहिल्या म्हणजे तांत्रिक लिफाफ्यात नापास झालेल्याचा दर उघडतच नाहीत. मग तक्रार करणाऱ्या साहेबांना तो कमी होता हे कळलं कुठून, असं मी आता विचारत नाही. चहा सांगतो.

बहुतेक टेंडर शेवटच्या अर्ध्या तासात मरतं. तीनची मुदत, अडीचला सातपूरचे एक ठेकेदार घामाघूम होऊन आले. दर भरलेली बीओक्यूची (कामाच्या बाबी आणि दरांच्या तक्त्याची) एक्सेल फाइल पोर्टल घेईना. पाहिलं तर त्यांच्या मुलाने नावापुढे 'फायनल 2' जोडलेलं. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्याच्या ई-टेंडर पोर्टलवर, फाइल उतरवली त्याच नावाने चढवायची असते, हे त्याला कोण सांगणार? मूळ फाइल पुन्हा उतरवली, मॅक्रो चालू केले, आकडे हाताने भरले. वाचलो, पण घड्याळ बघायची हिंमत नव्हती. वेळ पोर्टलच्या घड्याळाची चालते, तुमच्या मनगटावरच्या नाही.

नाव बरोबर असूनही फाइल जात नसेल तर शुद्धिपत्रक (टेंडरमधल्या बदलांची सूचना) बघा. त्यात बीओक्यू बदलला असेल तर जुनी फाइल चालत नाही. शुद्धिपत्रक आदल्या रात्री नाही, भरायच्या दिवशी सकाळी पुन्हा उघडा.

डिजिटल सही क्लास 3 चीच हवी. क्लास 2 देणं 1 जानेवारी 2021 पासून बंद आहे. नवी सही घेतली की पोर्टलवर तिची नोंद करा, नुसतं सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं उपकरण) लावून भागत नाही.

भरलेला दर चुकला? मुदतीच्या आत तोच बिड दुरुस्त करून पुन्हा सादर करता येतो. पण घाबरून 'विथड्रॉ' दाबलंत तर त्या टेंडरला पुन्हा भरता येत नाही. ही दोन बटणं एकमेकांची भावंडं वाटतात, तशी ती नाहीत.

आता अटींचं. अमुकच ब्रँड, अमुकच अनुभव, जणू कुणाच्या मापाने शिवलेला सदरा. त्यावर कट्ट्यावर चिडून काय होणार? निविदापूर्व बैठकीत, मुदतीत, लेखी विचारा: "किंवा समतुल्य" का नाही? उत्तर शुद्धिपत्रकातून सगळ्यांना मिळतं आणि पुढे तक्रार करायची झाली तर हातात कागद राहतो. लिफाफे उघडल्यावर सुचलेली हरकत सहसा कुणी ऐकत नाही.

शेवटची चूक मैत्रीतली. "स्पर्धा दाखवायला तिसरं टेंडर कमी पडतंय, तुझं लेटरहेड दे, वरचा दर टाकतो." देऊ नका. याला आपल्याकडे रिंग म्हणतात आणि स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3 मध्ये ती बसते. दंड त्या काळातल्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्के, जे जास्त असेल तितका होऊ शकतो. एकाच कॉम्प्युटरवरून गेलेली तीन टेंडरं आयपी पत्त्यावरून सापडतात. माझ्याकडे असं कुणी आलं तर मी टोकन परत करतो, फीसकट.