रीडिंग जातं, फोटो अडतो: नव्या फील्ड इंजिनिअरसाठी

डिप्लोमा संपवून पाणीपातळी मोजणारी यंत्रं बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागलो आणि पहिल्याच महिन्यात कृष्णाकाठच्या एका केंद्राची तक्रार माझ्या गळ्यात पडली. डब्यात फार काही नव्हतं: बॅटरी, डेटालॉगर (रीडिंग नोंदवून पुढे धाडणारं यंत्र, पुढे नुसता लॉगर) आणि त्याला सिरिअल केबलने जोडलेला, मोबाइल नेटवर्कवरून डेटा पाठवणारा टूजी मॉडेम. दर पंधरा मिनिटांचं रीडिंग बिनबोभाट जायचं. रोज सकाळी मोजपट्टीचा एक फोटो जायला हवा होता, साधारण 300 केबीचा. तो मात्र मध्येच लटकायचा. एरर नाही, काही नाही, मॉडेम नुसता गप्प.

मी रेंजला धरलं. अँटेना वर चढवली, सिम बदललं, मग दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहिलं. दोन खेपा वाया गेल्या. (रेंजवर ढकलणं फार सोयीचं असतं, ती उलटून बोलत नाही.)

कंपनीतल्या सरांनी फोनवर एवढंच विचारलं, "कितव्या बाइटला अडतंय?"

"सर, मध्येच कुठेतरी."

"मग दहा वेळा पाठव, आकडे लिहून काढ आणि नंतर फोन कर."

काम कंटाळवाणं आहे, पण निम्मं निदान तिथेच होतं. फाईल दर वेळी नेमक्या त्याच बाइटला अडत असेल, तर संशय फाईलच्या आतल्या मजकुरावर घ्यायचा. केबलच्या पोर्टवर एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल (डेटातूनच समोरच्याला थांबवायची-सोडायची सोय) चालू असेल, तर 19 किमतीचा बाइट 'थांब' आणि 17 किमतीचा 'चल' असा हुकूम समजला जातो. साध्या टेक्स्टमध्ये हे बाइट येत नाहीत, फोटोत हमखास येतात. टेक्स्ट फाईल सुरळीत आणि जेपीजी अडलेली, असं दिसलं तर आधी हीच सेटिंग बघा. अडल्यावर मॉडेम चालू होतानाचे संदेश देऊ लागला, तर तो अडलेला नाही, रीसेट झालाय. टूजी मॉडेम पाठवण्याच्या क्षणी 2 अँपिअरपर्यंत झटका घेतो. वायर बारीक किंवा बॅटरी थकलेली असली की व्होल्टेज बसतं. इथे मल्टीमीटरवर विसंबू नका. झटका जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाचा, मीटरचा काटा काय की आकडा काय, त्याला पत्ताही लागत नाही.

माझे आकडे या दोन्हीत बसेनात. 14 हजार, 16 हजार, 13 हजार. आसपास तेच, पण तेच नाही. सर म्हणाले, "पाण्याची टाकी भरून वाहतेय."

हिशोब अगदी शाळेतला आहे. पोर्टचा वेग सेकंदाला 115200 बिट. एका बाइटला स्टार्ट-स्टॉप धरून 10 बिट, म्हणजे लॉगर सेकंदाला 11,520 बाइट ओतणार. त्या ठिकाणी टूजीवरून पुढे जात होते जेमतेम 3,000. उरलेले साडेआठ हजार दर सेकंदाला मॉडेमच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचणार. दोनशे बाइटच्या रीडिंगला याची झळ कधी लागलीच नाही. फोटोच्या वेळी बफर दीड-एक सेकंदात भरला, पुढचे बाइट सांडले. मग मॉडेम न आलेल्या बाइटची वाट बघतोय, लॉगर मॉडेमच्या 'ओके'ची. दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले.

खात्री करायला मॉडेम आणि लॉगर दोन्ही 9600 वर आणले. सेकंदाला 960 बाइट. सव्वापाच मिनिटं लागली, पण फोटो अख्खा गेला. हा प्रयोग फुकट आहे. पाना-स्क्रूड्रायव्हर काढण्याआधी तो करा.

आता प्रश्न असा की बफर भरत आला तर मॉडेमने लॉगरला थांबवायला हवं होतं. त्यासाठीच आरटीएस-सीटीएसच्या ('पाठवू का?' आणि 'पाठव' सांगणाऱ्या) तारा असतात. केबलचा नऊ पिनांचा कनेक्टर उघडला. 2, 3 आणि 5 एवढ्याच पिनांना तारा, म्हणजे डेटा येण्या-जाण्याच्या दोन आणि ग्राउंड. आणि लॉगरच्या बाजूला पिन 7 (आरटीएस) आणि 8 (सीटीएस) यांच्यामध्ये पिवळ्या वायरचा इवलासा तुकडा डाखून ठेवलेला. कुणीतरी लॉगरचं तोंड बंद करायला केलेला जुगाड. लॉगर 7 वरून विचारणार "पाठवू का?" आणि 8 वर त्याचाच प्रश्न "हो, पाठव" म्हणून परत येणार. मॉडेमला विचारतोय कोण!

तुकडा काढला, 7 आणि 8 च्या तारा मॉडेमपर्यंत ओढल्या, लॉगरमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (याच तारांवरून थांबवण्याची सोय) चालू केला, मॉडेममध्ये तोच चालू करायला एटी+आयएफसी=2,2 ही कमांड दिली आणि वेग पुन्हा 115200 केला. फोटो पावणेदोन मिनिटांत गेला. मी चहा प्यायला निघालो.

पुढच्या आठवड्यात आभाळ भरून आलं, सोलर मंदावला, बॅटरी बसली, मॉडेम बंद होऊन परत चालू झाला आणि फोटो पुन्हा 14 हजारांवर. सेटिंग कायम करणारी एटी&डब्ल्यू ही कमांड मी दिलीच नव्हती. तिसरी खेप, भर पावसात.

तेव्हापासून निघण्याआधी मी मॉडेमची वीज स्वतः काढतो, पुन्हा लावतो आणि एटी+आयएफसी? विचारतो. 2,2 उत्तर आलं की मगच डब्याला कुलूप.